खालच्या राईची भावकी

न तोडलेल्या झाडांचे पैसे मिळतात, हे भावकीच्या गळी उतरवायला वनमाला परबांचा अख्खा हिवाळा गेला.

तोडलेल्या झाडाचे मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाऱ्याने पडलेल्याचेही थोडेफार मिळतात. पण झाड आहे तिथेच उभं आहे, कुणी त्याला हात लावलेला नाही, आणि त्याबद्दल साता समुद्रापलीकडचा कोणी माणूस वर्षाच्या वर्षाला पैसे पाठवतोय, हे ऐकून अंधेरीचे चुलतदीर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे विमानं ते उडवणार, धूर ते सोडणार, आणि झाडांची राखण करत आम्ही बसायचं काय, वहिनी?"

"राखणीला धोंडू बसलाय की," वनमाला म्हणाली. "तुम्ही फक्त सही करायची."

मालवणच्या आतल्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात परबांच्या सहा घरांची मिळून एक राई होती. वरची राई देवाची, तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. खालची माणसांची, म्हणून काळजी होती ती तिची. ऐन, किंजळ, नाना, बेहडा, सातवीण, अशी जुनी दांडगी झाडं. मधोमध एक झरा, जो ऐन मे महिन्यातही वाडीला पाणी द्यायचा. जमीन सामायिक. सहाही घरांची नावं कागदावर एकाखाली एक होती, पण जमिनीवर कोणाचा वाटा कुठे संपतो, हे सांगणारा दगडसुद्धा नव्हता. सहातली पाच घरं मुंबईला येऊन बोरीवली, मालाड, अंधेरी, मुलुंड अशी पांगली होती. गावात उरला होता एकटा धोंडू.

धोंडू म्हणजे वनमालाचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. सासू लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत धाडण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे तिचा नवरा सीताराम गिरणीत लागला आणि ती मुंबईला आली. कोणीतरी घरात दिवा लावायला हवा, असं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं. अशा वेळी 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे न बोलता ठरलेलं असतं. मुंबईत खोली नाही, हातात नोकरी नाही, अशा माणसाला मुलगी कोण देणार? धोंडूचं लग्न राहिलं ते राहिलंच. उन्हाळ्यात राईभोवतालचं गवत काढून वणवा अडवायचा, चोरून लाकूड नेणाऱ्यांच्या मागे धावायचं आणि दिवेलागणीला घरी येऊन आपल्या नि थोरल्या भावाच्या अशा दोन घरांचे दिवे लावायचे, यात त्याचं वय झालं. वनमालाला याची बोच होती. सीताराम गेल्यावर ती जास्तच टोचायला लागली.

लाकडाचे ठेकेदार काही आज येत नव्हते. धोंडू त्यांना पाणी द्यायचा, गूळ द्यायचा आणि सांगायचा, "भावकीक इचारा." भावकीचं कधी एकमत होत नाही, या एकाच गोष्टीच्या आधारावर राई आजवर उभी होती. पण अलीकडे ठेकेदार शहाणे झाले होते. ते गावात धोंडूकडे जाण्याऐवजी मुंबईत एकेकाच्या दारी जाऊ लागले.

त्याच सुमाराला तेजल आली. मूळची घाटकोपरची, जंगलं वाचवणाऱ्या एका संस्थेत कामाला. धोंडूबरोबर राईत फिरून तिने झाडांचे घेर मोजले होते, आणि धोंडूनेच तिला वनमालाचा पत्ता दिला होता. बोरीवलीच्या घरात चहा घेत तिने समजावलं, "काकी, झाड हवेतला कार्बन लाकडात धरून ठेवतं. तोडून जाळलं की तो सगळा परत हवेत. म्हणून आपल्यासारख्या देशांत जे लोक जंगल उभं ठेवतात, त्यांना त्याचा मोबदला द्यायचा, अशी ही योजना आहे."

"म्हणजे राखणीचा पगार."

"हां, तसंच समजा ना."

"मग तो आधी धोंडूला मिळायला हवा," वनमाला म्हणाली, आणि त्या क्षणी तिने ही गोष्ट मनावर घेतली.

अट एकच होती. सहाही घरांच्या सह्या हव्यात. एक जरी अडला, तरी करार नाही. तेजलने हेही सांगून ठेवलं, की ठेकेदार फिरतोय, तेव्हा वेळ काढू नका.

भावकीत आता वनमालाच थोरली. तिचा शब्द मोडायची रीत नव्हती, पण तो लगेच मानायचीही नव्हती. मुलुंडकरांना वाटलं, यात वनमालाचं काहीतरी साधत असणार. अंधेरीकरांनी 'कार्बन' हा माणूस कोण, असं विचारून पुन्हा हसून घेतलं. ती गुडघे दुखत असताना जिने चढली, ज्याच्या-त्याच्या घरचा चहा प्याली, ज्याची-त्याची नातवंडं मांडीवर घेतली आणि एकेकाला वळवलं. शेवटी राहिला मालाडचा सुशांत, दुसऱ्या एका चुलतदिराचा मुलगा. ठेकेदाराने त्यालाच जास्त धरलं होतं.

"काकी, मी गावाला गेलो त्याला जमाना झाला," सुशांत म्हणाला. "ती झाडं माझ्या काय कामाची यार? इथे घर बदलायचंय मला. तो माणूस दर आठवड्याला येतो, गोड बोलतो. तू मात्र कधी तरी येतेस."

"आले ना आता?"

"आलीस." तो हसला. मुलगा वाईट नव्हता. लहानपणी मे महिन्यात धोंडूच्या खांद्यावर बसून त्याने राईतल्या जांभळांवर डल्ला मारला होता. "तू बोलतेस तर करतो सही. पण लवकर कर हां. माझं मन काय, आज आहे, उद्या नाही."

सह्यांसाठी रविवार ठरला. सगळ्यांनी वनमालाकडे जमायचं. खालच्या मजल्यावर भीमराज कांबळे वकील राहायचे. त्यांनी कागद तपासून, दुरुस्त करून, स्टँप लावून तयार ठेवले. वनमालाने सोसायटीच्या ऑफिसातून खुर्च्या मागवल्या, सुनेला, मानसीला, उसळीचे वाटाणे भिजवायला सांगितले. राईचा राखणदार म्हणजे तिथला दगडाचा देव; त्याला विचारल्याशिवाय राईचा कागद करायचा नाही, म्हणून सह्यांच्या आधी नारळ ठेवायचा आणि धोंडूने गावातून फोनवर गाऱ्हाणं घालून त्याला विनवायचं, असंही ठरलं होतं.

शनिवारी दुपारी बातमी आली. घाटकोपरचे अण्णा गेले.

अण्णा परब भावकीतलेच, पण खालच्या राईत त्यांचा पानाएवढाही वाटा नव्हता. त्यांची शाखा दोन पिढ्यांमागेच वेगळी झालेली. वर शिमग्यातली पालखी आधी कोणाच्या अंगणात थांबवायची, यावरून त्यांचं नि बाकीच्यांचं असं फाटलं होतं की एकमेकांच्या घरचं पाणी बंद होतं. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा यातलं कोणी त्यांना बघायला गेलं नव्हतं. पण माणूस जिवंतपणी कितीही परका असो, मेला की भावकीचा होतो. ज्याच्या आजारपणात कोणी डोकावलं नाही, त्याचं सुतक पाळायला मात्र चारी उपनगरं कंबर कसून उभी राहिली.

वनमालाने देव्हाऱ्याचं दार लोटलं, आणि सगळ्यांना फोन लावून रविवार रद्द केला. तेरावं झालं की बघू.

तेजल धावत आली. "काकी, नारळ नंतर ठेवा ना. सह्या तर घेऊ. इतक्या मुश्किलीने सगळे तयार झालेत."

"सुतकात शुभकार्य नाही होत, बाळा."

"पण ही सही आहे, लग्न नाही!"

"राखणदाराची जागा आहे ती. सुतकाच्या हाताने तिचा कागद करायचा? उद्या धोंडूला काही बरंवाईट झालं तर?"

भीमराज वकीलही वर आले. ते दारातच उभे राहिले. "वनमालाताई, तुमच्या श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही. पण आम्हा बौद्धांना काही हे सुतक लागत नाही. मी घरोघरी जाऊन सह्या घेऊन येतो. तुम्ही नुसतं फोनवर सांगा. नारळ तुम्ही तेराव्यानंतर फोडा. शाईला सुतक नसतं."

वनमालाने त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला, आणि नाही म्हणाली. मानसी स्वयंपाकघरातून बघत होती. सासूबाई एकदा नाही म्हणाल्या की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला माहीत होतं. तिने भिजवलेले वाटाणे उपसून फ्रिजमध्ये ठेवले.

संध्याकाळी धोंडूचाच फोन आला. वनमालाला वाटलं, हा तरी आपल्या बाजूने बोलेल. जन्मभर देवाची वाट न चुकलेला माणूस.

"वयनी, आण्णा गेलो ह्या खरा," तो म्हणाला. "पण तू माजा आयक. सगळे जमतले ते जमांदेत. सुतकाचा मी बघतंय. मी हय राखणदाराक सांगतंय, काय चूकभूल झाली तर ती माज्या माथ्यार. तू सह्यो घे."

"अरे, आणि नारळ?"

"नारळ मगे ठेवया. राखणदाराक घाई नाय. घाई ठेकेदाराक आसा."

"नाय रे, धोंडू. लोक काय म्हणतले? मुंबयत जाऊन बाटली म्हणतले."

"कोण म्हणतले? हय आता भावकीतलो म्हणूक उरलो कोण? मी एकटोच."

 त्याचं म्हणणं खरं होतं. गावातल्या धोंडूला रीत मोडता येत होती, कारण तो गावातच होता. पहाटे उठून राखणदाराच्या दगडासमोर उभं राहून तो त्याच्याशी भांडूही शकत होता. वनमालापाशी गावातलं उरलं होतं काय? घर गळत होतं, शेत पडीक होतं, बोलीही दिरापुरतीच उरली होती. सुतक, सोयर, शिमग्याचा मान, एवढंच तिने इतकी वर्षं या तिसऱ्या मजल्यावर जपलं होतं. ते सोडलं तर आपण गावच्या कोण, हा प्रश्न तिला पडला असता, आणि त्याची तिला भीती वाटली. शिवाय ती थोरली होती. अख्खी भावकी पहिल्यांदाच तिच्या शब्दावर थांबली होती, आणि ते तिला आवडलंही होतं. हे तिने स्वतःशी कबूल केलं ते फार उशिरा.

"तेरा दिवसांनी असा काय होता रे?" ती म्हणाली.

 "बरा," तो म्हणाला. "तू थोरली. तू म्हणशीत तसा."

सुतक रीतसर पार पडलं. तेराव्याला सगळी भावकी घाटकोपरला जेवायला जमली, अण्णांच्या फोटोपुढे हात जोडून त्यांच्या स्वभावाचं कौतुक करून आली. सुशांत तेवढा आला नव्हता. कामात असेल, म्हणून वनमालाने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रिक्षा करून मालाडला गेली. यावेळी रविवार नको, उद्याच बसू, असं ठरवूनच.

सुशांतने दार उघडलं आणि तिच्याकडे न बघता आत जाऊन पाणी आणलं.

"काकी, मी सही दिली," तो म्हणाला.

"कोणाला?"

"त्याला. ठेकेदाराला. तू रविवार रद्द केलास, मला वाटलं ते कार्बनचं बारगळलं. तो म्हणाला, परबांच्या सहा घरांच्या सह्या या जन्मात एका कागदावर येणार नाहीत. मला पण तसंच वाटलं गं." मग घाईघाईने, जणू आपली बाजू थोडी तरी सावरायला, तो म्हणाला, "पण फक्त माझा हिस्सा हां. आणि पेढ्यांचा पुडा आणला होता त्याने, तो मी हातात पण नाही घेतला. सुतक होतं ना."

वनमालाने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिला रागावायचं होतं. पण रागावायला तोंड कुठे होतं? हा पोरगा तिचंच ऐकून सुतक पाळत बसला होता. पेढे नाकारले होते त्याने. जे तिने शिकवलं ते सगळं त्याने केलं होतं.

"कधी दिलीस?"

"मागच्या आठवड्यात."

तिने तिथेच बसून धोंडूला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.  तो म्हणाला, "आयक," आणि फोन बहुधा हातात धरून त्याने पुढे केला.

लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज होता. एक नव्हे, तीन-चार यंत्रांचा. मध्ये माणसांची ओरड, मग काहीतरी मोठं, सावकाश मोडत खाली येत असल्याचा आवाज, आणि पाठोपाठ पुन्हा यंत्र. मालाडच्या त्या छोट्या हॉलमध्ये सुशांतलाही तो ऐकू येत होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"हिस्सो खयचो, ता तेंका ठावक नाय," धोंडू परत फोनवर आला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मी सांगलंय, ह्यो आमचो, ह्यो थोरल्याचो. ते म्हणाक लागले, दाखव, खय लिवलेला आसा झाडार? खय दाखवू, वयनी?"

"पोलिसात जा. कोणाक तरी बोलव. मी वकिलांक सांगतंय—"

"परवापासून सुरू आसा, वयनी. आता वायच थोडीच झाडा उरली."

"परवा? आणि माका फोन नाय केलंस?"

"सुतक होता मा," धोंडू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, की त्या दिवसांत वहिनीला सांगून उपयोग नाही, ती काही करू शकणार नाही. 

भीमराज वकिलांनी धावपळ केली, तक्रार लिहिली, तेजल गावाला जाऊन फोटो काढून आली. ठेकेदार म्हणाला, चुकून दुसऱ्याच्या हद्दीत शिरलो, आणि दंड भरून मोकळा झाला. चुलतदीर आता हसत नव्हते. त्यांच्या हिश्श्याची झाडंही गेली होती आणि हातात काहीच आलं नव्हतं. ते सुशांतला शिव्या देत होते. वनमालाला कोणी काही बोललं नाही, कारण ती थोरली होती आणि तिने रीत पाळली होती. ती दोनदा म्हणाली, चूक माझी आहे. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. गावाहून परतल्यावर तेजल तिच्याजवळ बसून रडली. "आता मोजायला काही नाही तिथे, काकी," म्हणाली. राईतल्या सातविणीच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्ष्यांची जोडी यायची, ती या वर्षीही आली होती आणि त्या उघड्या माळावर दिवसभर घिरट्या घालत होती, एवढं एक तिने सांगितलं. वनमालाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण रडायला हवं होतं, असं तिला वाटत होतं, पण रडू येत नव्हतं.

मे महिन्यात झरा आटला. म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं, असं पहिल्यांदाच झालं. वाडीत टँकर यायला लागला. धोंडूने दोन्ही घरांना कुलपं लावली, किल्ल्या शेजारी दिल्या आणि एका पिशवीत मावेल एवढं घेऊन तो बोरीवलीला आला.

आल्यावर तो वाकून वहिनीच्या पाया पडला. वनमालाने त्याच्या आवडीची मोरी माशाची आमटी केली. तो जेवला, चांगली झालीय म्हणाला. तो सुशांतबद्दल बोलला नाही, सुतकाबद्दल बोलला नाही. ती वाट बघत होती. त्याने एकदा तरी म्हणावं, वयनी, मी सांगितलं होतं तुला. एकदा म्हटलं असतं तर तिला त्याच्या पायावर डोकं ठेवता आलं असतं. त्याने विचारलं ते एवढंच, की मुंबईत वॉचमनची नोकरी या वयात कोणी देतं का. कुणीतरी काहीतरी राखायला सांगेल तर बरं पडेल.

संध्याकाळी मानसीने त्याला मागच्या बाल्कनीत खुर्ची टाकून दिली. इमारतीच्या मागे रस्ता, रस्त्यापलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे डोंगरापर्यंत झाडंच झाडं. उन्हाळ्याने अर्धी निष्पर्ण झालेली, पण उभी. धोंडू बराच वेळ बघत राहिला. दुपारी तो हॉलमध्ये अंग चोरून बसला होता, आता खुर्चीत नीट टेकून बसला. वनमाला चहा घेऊन त्याच्या मागे येऊन थांबली.

"ह्या रान कोणाचा गो?" त्याने मानसीला विचारलं.

"सरकारचं, काका. नॅशनल पार्क आहे ना हे."

"म्हणजे ह्येका भावकी नाय?"

मानसीला हसू आलं. "नाही. याला कुठली भावकी!"

"मगे बरा," धोंडू म्हणाला. मान हलवून, अगदी मनापासून, शेजारच्या घरात सगळं ठीक असल्याचं कळावं तसा. "मगे उभा रवतला."

वनमालाने चहाचा कप त्याच्या बाजूला कठड्यावर ठेवला. ती आत गेली, स्वयंपाकघराचं दार लावलं, नळ सोडला, आणि त्या पाण्याच्या आवाजात तोंडावर पदर धरून ती पहिल्यांदा रडली.